चिलमीचा मान

उत्तरेश्वरला खुर्चीत टेकलेलं मी कधी पाहिलंच नाही. आमच्या केंद्रात लोक रडायला येतात, भांडायला येतात, काही तर नुसते पंख्याखाली बसायला येतात. हा मात्र येरझारा घालायला यायचा. दारापासून खिडकीपर्यंत आठ पावलं, खिडकीपासून दारापर्यंत आठ पावलं, आणि मधोमध माझं टेबल. त्याला वळसा घालताना दर वेळी त्याची मांडी टेबलाच्या कोपऱ्याला लागायची आणि माझी पेन्सिल घरंगळायची. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं, "अहो, खुर्चीचं भाडं घेत नाही आम्ही." तो ओशाळून हसला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि उभाच राहिला. पायाला भिंगरी लागली आहे का, असंही मी विचारलं होतं. त्या वेळी मला ते विनोदी वाटलं. आता त्याची लाज वाटते, पण ते पुढे येईलच.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा बरं, म्हणून नारायण पेठेतल्या या व्यसनमुक्ती केंद्रात आठवड्यातून तीन संध्याकाळी येते. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक गॅलरी आणि डॉक्टर शेफाली. शेफाली माझीच विद्यार्थिनी. गांजाच्या आहारी गेलेल्या मुलांच्या घराण्यांची माहिती ती गोळा करते आहे. हे व्यसन रक्तातून किती येतं आणि संगतीतून किती, हा तिचा प्रश्न. माझं काम वंशावळ काढायचं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ, मुलांची उभी. ज्याला व्यसन, त्याची आकृती पेन्सिलने काळी करायची, बाकीच्या पांढऱ्या ठेवायच्या. मी पट्टी धरून रेघा मारते. फळ्यावर बेडकाचं हृदय काढणाऱ्या बाईची वंशावळ तिरकी असून चालत नाही.

उत्तरेश्वर मूळचा धाराशिवकडचा. सोळा-सतराव्या वर्षी पुण्यात आला, मार्केट यार्डात पोती वाहिली, मग टेम्पो चालवला, आणि आता बरीच वर्षं हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवतो. पहाटेची पाळी. साडेपाचला स्वारगेटहून निघायचं, दुपारी तीच माणसं परत आणायची. गाडीत तो कसा बसत असेल, याचं मला फार कुतूहल होतं. "तितं काय वाटत न्हाई, तितं गाडी हालत असती," असं तो म्हणाला होता. राहायला गुलटेकडीला, यार्डाच्या मागे. त्याला एकच मुलगा, तेजस, एकवीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. म्हणजे कागदावर तिसऱ्या वर्षाला. दोन परीक्षा त्याने दिल्याच नव्हत्या. गांजा ओढल्याशिवाय त्याला झोप येत नव्हती, घास उतरत नव्हता, आणि नाही मिळाला की तो आईच्या अंगावर धावून जायचा. एकदा उपचार घेऊन दीड महिना बरा राहिला आणि पुन्हा घसरला. तेव्हा बाप त्याला घेऊन आमच्याकडे आला.

त्या दिवशी मी दोघांना समोर घेऊन वंशावळ काढली. घरात आणखी कोणाला व्यसन आहे का, होतं का, असं विचारलं. उत्तरेश्वर खिडकीपाशी थांबला आणि छाती पुढे काढून म्हणाला, "न्हाई बाई. आमच्या सात पिढ्यांत असलं कोण न्हाई. ह्योच पयला."

मी काय करणार, तो सांगेल ते काढणार. आजा पांढरा, बाप पांढरा, चुलता, चुलतभाऊ, उत्तरेश्वर, सगळे पांढरे. तळाशी एकच चौकोन काळा. रेघा सुरेख आल्या होत्या. मी कौतुकाने कागद जरा लांब धरला आणि मग टेबलावर ठेवला, तेजसच्या बाजूला तोंड करून. इतकी वर्षं मुलांमध्ये काढलेल्या बाईला एवढंही कळू नये. तो मुलगा त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसला. खांदे पाडून. मला वाटलं, बरं झालं, मनावर घेतोय.

त्याने मनावर घेतलंच. पुढच्या आठवड्यात तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. उत्तरेश्वर एकटाच आला, डोळे ओढलेले. तेजस घर सोडून हिंजवडीत मित्राच्या खोलीवर गेला होता. जाताना आईला म्हणाला होता, की सगळी पेटी चांगली आहे, मी एकटाच नासका निघालो, तर एक आंबा फेकून द्या आणि मोकळे व्हा. माझ्यावर आता औषधं नकोत, डॉक्टर नकोत, काही नको. यार्डाच्या मागे वाढलेल्या मुलाला आंब्याची पेटी सुचणारच. पण तो आंबा मी पट्टीने रेघ मारून त्याला दाखवला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मी शेफालीला काहीतरी खोटं कारण सांगून त्या दिवशी लवकर घरी गेले.

पुढच्या खेपेला मी कागद पुरा करायला घेतला. आज्याचं आणि बापाचं वारतानाचं वय आणि कारण लिहायचं राहिलं होतं. उत्तरेश्वरला आठवेना, म्हणून त्याने गावाकडे आईला फोन लावून तो माझ्या टेबलावर ठेवला. तुळजाबाई पंचाहत्तरीच्या, आवाज खणखणीत. घरात कोणाला व्यसन नव्हतं ना, असं मी आपलं रीत म्हणून पुन्हा विचारलं. त्या जवळजवळ रागावल्या. दारूचा थेंब नाही, तंबाखूची चिमूट नाही, असं घर आहे म्हणाल्या. मालक कशाने गेले, तर छातीने. दम लागायचा. मठात बसून बसून छाती भरली होती. मठात बसून छाती कशी भरते, असं मी विचारलं.

"आता मान आमच्या घराकडं म्हटल्यावर बसावं लागतंयच की," तुळजाबाई म्हणाल्या.

कसला मान, तर चिलमीचा. गावच्या महादेवाच्या मठात महाशिवरात्रीला पहिली चिलीम पेटवायचा मान या घराण्यातल्या थोरल्या पुरुषाचा. गांजा भरायचा, चिलीम देवापुढे धरायची, पहिला झुरका मानकऱ्याचा आणि मग बाकीच्यांचा. आज्याकडून तो मान उत्तरेश्वरच्या बापाकडे, रंगनाथांकडे आला, आणि आता तो पुतण्याकडे आहे; दीरही मठात बसायचे. वर्षातून एकदाच ना, असं मी विचारलं. माझा आवाज आता वर्गातल्यासारखा झाला होता.

"मानाची एकदाच. बाकी आपली रोजची." त्यांनी बहुधा बोटांवर मोजलं असावं. उठल्यावर एक, न्याहारी झाली की एक, दुपारी दोन, दिवेलागणीला एक, निजायच्या आधी एक. आणि नाही मिळाली तर? "मग ताट फेकायचे. देवाचं माणूस, राग आसायचाच. आमचा उत्तरेश्वर तर तवा..."

उत्तरेश्वरने झटकन फोन उचलला, नंतर करतो म्हणाला आणि बंद केला. माझं त्याकडे लक्षच गेलं नाही. मी भडकले होते. व्यसन नाही म्हणालात ना, सात पिढ्या सांगितल्यात ना, हे काय आहे मग, असं मी त्याला फैलावर घेतलं. तो खरोखर गोंधळला होता. लबाडीने बोललेला माणूस मला एका नजरेत कळतो, हा लबाड नव्हता.

"बाई, ते व्यसन कुटं? त्यो परसाद हाय," तो म्हणाला. "पोरगं करतंय ते व्यसन."

मला माझाच कागद आठवला. शेफालीने हे काम सुरू करताना गंमत म्हणून माझी स्वतःची वंशावळ काढून घेतली होती. व्यसन, कोणालाही नाही, असं मी ठणकावून लिहिलं होतं. माझे वडील दिवसभर तपकीर ओढत. डबी सापडली नाही की वाड्यातल्या चारही बिऱ्हाडांना ते कळत असे. पण तपकिरीला आमच्यात कोणी व्यसन म्हणत नसे, ती अण्णांची सवय होती. आपला तो बाब्या. तर मी पेन्सिल उचलली आणि चौकोन भरले. आजा काळा. बाप काळा. चुलता काळा. चुलतभाऊ, ज्याच्याकडे आता मान आहे, तोही काळा.

उत्तरेश्वर कागदावर वाकला. मग त्याने विचारलं, म्हणजे हे रक्तातून येतं का. मी मला येतं तसं सांगितलं. जुळ्या भावंडांवरून केलेले अभ्यास सांगतात की हे व्यसन लागण्यात जवळपास निम्मा वाटा रक्ताचा असतो. असं एकच एक जनुक नाही, बारीकसारीक शेकडो असतात. कोणाला पहिल्या झुरक्याला मळमळतं आणि तो पुन्हा हात लावत नाही. कोणाला वाटतं, आजवर आपण याचीच वाट बघत होतो. पण निम्मा म्हणजे निम्माच. बापाला होतं म्हणून पोराला होईलच असं नाही, धोका वाढतो एवढंच. बाकीचा निम्मा घर, संगत, हाताशी काय मिळतं ते. आणि तुमच्याकडे तर मानच चालत आलेला, तिथे रक्त कुठे संपतं आणि रिवाज कुठे सुरू होतो हे कोण वेगळं करणार.

"मी त्याला शिवरातीला गावाकडं न्हेलंच न्हाई कधी," तो म्हणाला. "एकदाबी न्हाई. मठाची पायरीसुदिक दावली न्हाई." आणि पुन्हा सुरू झाली आठ पावलं.

तुम्ही स्वतः, असं मी विचारलं तेव्हा तो दारापाशी पाठमोरा होता. नाही म्हणाला. घड्याळाकडे पाहिलं, सात वाजत आले होते, आणि जिना उतरून गेला. तो दर खेपेला सातला असाच निघून जायचा. मी त्याचा चौकोन पांढरा ठेवला.

त्यानंतर त्याने जे केलं ते त्यालाच जमावं. रोज सकाळी कंपनीच्या दारात माणसं उतरवली, बस लावली, की तो तेजसच्या मित्राच्या इमारतीखाली जायचा आणि रस्त्यावर फेऱ्या मारायचा. हाक नाही, फोन नाही. फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत आणि परत. असे नऊ दिवस. वॉचमनने हटकलं, मुलं वरून मोबाइलवर शूटिंग करायला लागली. दहाव्या दिवशी तेजसच वैतागून खाली आला आणि म्हणाला, की पप्पा, तमाशा बंद करा, कुठे यायचंय सांगा. शनिवारी संध्याकाळी दोघं आमच्या जिन्यावर उभे होते. मुलगा आणखी वाळला होता. एक पाय सारखा हलत होता.

मी नवा कागद काढला. या वेळी तेजसच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, मठ, मान, आजोबांच्या सहा चिलमी. माझी कल्पना अशी की तो सुटकेचा श्वास टाकेल. एकटा नासका नव्हतो, हे त्याला कळेल. त्याने काळे चौकोन बोटाने मोजले. मग कागद टेबलावर ठेवून अगदी थंडपणे म्हणाला, "मग विषयच संपला ना, मॅम. सिस्टीममध्येच आहे माझ्या. सोडून फायदा काय?"

मी पुन्हा निम्म्याचं गणित मांडलं. धोका म्हणजे निकाल नव्हे, वगैरे. तो मान डोलवत होता आणि जिन्याकडे बघत होता. शेफाली आतल्या खोलीतून येऊन दारात उभी राहिली. मला मनातून कळलं होतं की हा मुलगा आता उठणार आणि पुन्हा येणार नाही. पहिल्यांदा पांढऱ्या चौकोनांनी त्याला हाकललं, आता काळ्यांनी.

उत्तरेश्वरच्या फेऱ्या थांबल्या. तो टेबलापाशी आला, माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि कागद स्वतःकडे ओढला. मला वाटलं काही नाव चुकलं असेल. त्याने तेजसच्या बरोबर वरचा चौकोन, स्वतःचा, भरायला सुरुवात केली. ड्रायव्हरचा दणकट हात, रेघेबाहेर गेला, कागद जरासा फाटला, टोक मोडलं. मोडक्या टोकानेच त्याने उरलेला कोपरा भरला.

"चवदाव्या वर्षापास्नं," तो मुलाकडे न बघता म्हणाला. "मठात आबांनीच, तुझ्या आज्यानंच दिली. पुढचा मानकरी म्हणून. यार्डात पोती वडायचो तवा दिसाला आट-आट. टेम्पोवर व्हतो तवाबी. तुझ्या आईला म्हाईत हाय, मीच तिला शपथ घातलीया."

तेजस उभा राहिला होता. बाप सांगत गेला, तुटक तुटक. तेजस पोटात होता तेव्हा रंगनाथ वारले. गावाहून निरोप आला, शिवरात्र तोंडावर आहे, मान आता तुझा, ये आणि चिलीम पेटव. तो स्वारगेटपर्यंत गेला, एसटीत बसला, आणि गाडी सुटायच्या आत उतरला. त्या एसटीतून गेलो असतो तर परत आलोच नसतो, एवढं त्याला कळलं होतं. त्या दिवसापासून त्याने चिलमीला हात लावला नाही. मान चुलतभावाकडे गेला. पुण्याला जाऊन शहाणा झाला, बापाची लाज वाटते याला, असं गाव आजवर म्हणतं. एकवीस वर्षांत त्याने एकदाही उत्तर दिलं नाही. मुलालाही दिलं नाही. तेजसही तेच समजत होता, की पप्पांना आजोबांची लाज वाटते म्हणून आपल्याला शिवरात्रीला कधी नेलं नाही.

"माजंच तुज्यात आलं," उत्तरेश्वर म्हणाला. "शिव्या घालायच्या तर मला घाल."

मी घाबरले होते. मुलाने आता खरंच शिव्या घातल्या असत्या तर मी त्याला अडवलं नसतं. पण तेजसने घातल्या नाहीत. तो बापाच्या तोंडाकडे बघत होता, आणि विचारताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

"सोडलं कसं मग?"

"चालून," उत्तरेश्वर म्हणाला. "दिवेलागणीला तलप उटायची. घरात बसलो की खलास. मग चालायचो. पर्वतीपातूर, म्हागारी, परत पर्वती. ती उतरंस्तवर."

"आणि आता?"

"येती की. रोज सातला येती. म्हणून तर बसवत न्हाई."

मी माझ्या खुर्चीत बसून होते आणि मला ती खुर्ची टोचत होती. तेजसने नंतर शेफालीला सांगितलं, की लहानपणापासून त्याला बापाचा एकच राग होता. संध्याकाळी सगळ्यांचे बाप घरी येऊन टीव्हीसमोर बसत, अभ्यासाला शेजारी बसत. याचा बाप सातला चप्पल घालून निघून जायचा. त्याला वाटायचं, पप्पांना आपल्याजवळ बसायचंच नाही. संध्याकाळची पाळी, जादा पैसे असूनही, बापाने कधी का घेतली नाही हेही त्याला त्या दिवशी कळलं. सातला हातात चाक असताना तलफ आली तर काय, ही भीती उत्तरेश्वर एकवीस वर्षं कोणालाही न सांगता वागवत होता.

सात वाजले. उत्तरेश्वर दाराकडे वळला, सवयीने, आणि मग थांबला. "येतोस?" त्याने विचारलं.

तेजसने बाहेर जाऊन बूट घातले. मी गॅलरीत गेले. बाप पुढे, मुलगा पाच-सहा पावलं मागे, असे ते ओंकारेश्वराच्या बाजूला, नदीकडे गेले. कोपऱ्यावर तेजसने काहीतरी हाक मारली. हळू चाला, असं असावं, कारण उत्तरेश्वर थांबला आणि पुढचा रस्ता दोघं बरोबर चालले.

पुढे सगळं गोड झालं असं सांगायला मला आवडलं असतं. तेजस त्यानंतर दोनदा घसरला. दुसऱ्यांदा तर आठ दिवस गायब होता. पण दोन्ही वेळा आपणहून परत आला आणि एका परीक्षेला बसला. त्या वंशावळीची स्वच्छ प्रत काढून द्या, असं शेफालीने मला सांगितलं. मी काढली, पण फाटलेला कागदही फेकला नाही, तो माझ्या खणात आहे. तेजस आता कधी कधी एकटा येतो. औषध लिहून होईपर्यंत बस म्हटलं तर बसत नाही. दारापासून खिडकीपर्यंत जातो, वळतो, आणि परत येताना टेबलाचा कोपरा त्याच्या मांडीला लागतो, अगदी बापाला लागायचा तिथेच. हे रक्तातून आलं की बघून शिकला, ते मला सांगता येणार नाही, आणि त्यासाठी माझ्या कागदावर खूणही नाही. मागच्या मंगळवारी शेफालीने एक बाजू धरली, मी दुसरी, आणि आम्ही ते टेबल उचलून भिंतीला लावलं.